अकरा दिवसांचे आकडे

८ जानेवारी १९७८, रविवार

एकवीस वर्षं फौजेत रडारवर काढली. तिथं लॉगबुक भरल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, असा माझा नियम होता. पेन्शनीवर घरी आल्यापासून अडीच वर्षांत लिहावं असं काही घडलंच नाही. ऊस थोरल्या भावानं, हंबीररावानं, लावायचा आणि तोडायचा. मी बांधावर उभं राहायचं आणि माणसांनी जाता-येता मला रामराम घालायचा. आजपासून पुन्हा लिहितो. सरांच्या कामाची वही वेगळी आहे. ही माझी.

सर म्हणजे सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे आष्टेकर. वयानं माझ्याहून लहान, अडतीसचे. दोन वर्षं परदेशात राहून आलेत, पण इथं माळावर उकिडवे बसून भाकरी खातात. त्यांना भंगारात निघालेल्या रडारचे भाग जोडणारा माणूस हवा होता. कराडच्या एका ओळखीच्यानं माझं नाव सांगितलं. शालूबाईनं गावभर सांगून टाकलं, की आमच्या ह्यांना शास्त्रज्ञांनी बोलावलंय.

माळ दहिवडीपासून सात मैलांवर आहे. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. सरांना तशीच हवा पाहिजे होती, कारण ओलाव्यानं मोजणीत घोळ होतो. राहायला पत्र्याची एक खोली. बाहेर उघड्यावर, आभाळाकडं तोंड करून बसवलेला एक चौकोनी कर्णा. त्याच्या चारी अंगांना पत्रे लावलेत, म्हणजे तापलेल्या जमिनीची ऊब आत शिरत नाही.

मी सरांना विचारलं, आपण मोजणार काय? त्यांनी खुंटीला दोरी बांधली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. म्हणाले, ही वर-खाली हलवता येते, आडवीही हलवता येते. आभाळात सगळीकडून एक फार मंद ऊब येते, विश्व जन्मलं तेव्हाची उरलेली. तीही अशाच लहरींनी येते. त्या लहरी सगळ्या अंगांना सारख्या झुलतात, की एका अंगाला केसभर जास्त, एवढंच बघायचं. त्याला ध्रुवण म्हणतात. कर्णा खालच्या गोल लोखंडी कड्यावर फिरवायचा. कड्यावर आठ खुणा. प्रत्येक खुणेला दहा मिनिटं थांबून मीटरच्या काट्याचे आकडे लिहायचे. ध्रुवण असलं तर एका फेऱ्यात काटा दोनदा चढेल, दोनदा उतरेल. त्यांनी खोलीच्या पत्र्यावर खडूनं दोन टेकाडं काढून दाखवली. एक दोन नंबरच्या खुणेवर, दुसरं सहाच्या.

म्हणाले, "असं दिसलं तर जग आपल्याकडं बघेल, नाथाजीराव. बहुधा दिसणार नाही. मग किती बारीक बघूनही दिसलं नाही, ते सांगायचं. तेसुद्धा कामच आहे."

२२ जानेवारी, रविवार

रोज तीन फेरे. एक सूर्य उगवायच्या आधी, एक सकाळी, एक ऊन कलल्यावर. सूर्य डोक्यावर असताना घ्यायचं नाही. आकडे एकमेकांशी कसलीच ओळख नसल्यासारखे येतात. एखाद्या फेऱ्यात तीनवर चढ, दुसऱ्यात तीनवरच उतार. सर म्हणतात, हजार फेरे झाले की खरं काय ते वर येईल.

शेजार म्हणजे हरिबा आणि हरणाबाई. खाली पाझर तलाव आहे, त्याच्या कडेला त्यांचं खोपट. साठेक मेंढ्या. मुलगा अर्जुना मुंबईला गिरणीत, सून इथंच. हरिबा साठीचा, बोलणं तोलून. कर्ण्याला ते भोंगा म्हणतात. परवा त्यानं विचारलं, "ह्यो भोंगा वाजत न्हाई कवाच?" मी म्हटलं, मामा, हा वाजवायचा नाही, ऐकायचा आहे. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, मग त्याच्याम्होरं बोलाय नगं.

५ मार्च, रविवार

सर महिन्यातून दोनदा येतात आणि वही घेऊन बसतात. आज म्हणाले, तुमच्या नोंदी बघून कॉलेजातल्या पोरांना लाज वाटायला हवी. अक्षर, वेळ, वाऱ्याचा शेरा, सगळं जागच्या जागी. शालूबाईला पत्रात हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

तलावाचं पाणी मागं हटलंय. हरिबानं मेंढ्या कोंडायची जाळी, ते तिला वाघर म्हणतात, पाण्यामागं सरकवत आणली. आता ती आमच्यापासून ईशान्येला दोनशे पावलांवर आहे. मी शेरा लिहून ठेवला.

१६ मार्च, गुरुवार

बारा तारखेला पहाटेच थंडी वाजून ताप भरला. उठायला गेलो तर जमीन फिरली. हरणाबाई दूध घेऊन आली होती, तिनं मला खोपटात नेऊन टाकलं. चार दिवस तिथंच होतो. घोंगडं, हुलग्याचं माडगं, कपाळावर ओलं फडकं. आईनंतर कुणी माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं. सून लांबून पाणी ठेवून जायची.

काल संध्याकाळी जरा बसता आलं तेव्हा वही मागवून घेतली. चार दिवस कोरे. माझ्या वहीत एक घर कोरं नव्हतं आजवर. सर काय म्हणतील? ताप आला म्हटलं तर म्हणतील, एकटा माणूस भरवशाचा नाही, दुसरा बघू. मग परत बांधावर जाऊन उभं राहायचं. मी आदल्या आठवड्याचे आकडे समोर ठेवले आणि थोडे इकडंतिकडं करून चार दिवस भरून टाकले. एवढ्या हजारात चार दिवसांनी काय होतंय.

हरणाबाई चुलीपाशी होती. म्हणाली, "बाबा, अंग भाजतंय तुजं, आन लिवतोस काय?" मी म्हटलं, मावशी, राहिलेलं काम. तिला वाचता येत नाही.

२० मार्च, सोमवार

शनिवारी वारा फार होता. कड्याला हात लावला की पत्रे थरथरायचे. असा फेरा घेऊन तरी काय उपयोग, म्हणून घेतला नाही. लिहिला मात्र. काल दहिवडीला गेलो. तिथं हॉटेलात आमच्यासारखे चार-पाच पेन्शनर बसतात, पत्ते खेळतात. दोन महिन्यांनी कुणाशी तरी पलटणीच्या गोष्टी बोललो. येताना बरं वाटत होतं. कालचेही लिहिले.

आता जुने आकडे समोर ठेवावे लागत नाहीत. हात आपोआप चालतो.

२८ मार्च, मंगळवार

शिमग्याच्या दिवसांत पुन्हा दहिवडी. एकंदर अकरा दिवस झाले. बारा ते पंधरा, अठरा, एकोणीस, बावीस, तेवीस, पंचवीस, सव्वीस आणि आज. कशाला मोजले कुणास ठाऊक. उद्यापासून नीट. उद्यापासून नक्की नीट.

२ एप्रिल, रविवार

सर सकाळी आले. मार्चचे आकडे कागदावर मांडत बसले. मी चहा ठेवला होता. तो निवला तरी त्यांनी हात लावला नाही. मग त्यांनी मला कागद दाखवला. दोन टेकाडं. एक दोन नंबरवर, एक सहावर.

मी कागद हातात घेतला. ते हसले आणि म्हणाले, मला अजून खरं वाटत नाहीये. मग एकेक दिवस वेगळा काढून बघू लागले. ज्या दिवशी टेकाडं सगळ्यात साफ, त्या तारखा त्यांनी वाचून दाखवल्या. बारा. तेरा. चौदा. पंधरा. अठरा.

"हे तुमचे सगळ्यात चांगले दिवस आहेत, नाथाजीराव. वाऱ्याचा त्रासच दिसत नाही ह्यांत."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. बाहेर पडलं ते एवढंच, की चहा दुसरा टाकतो.

ते गेल्यावर खोलीच्या पत्र्याकडं बघितलं. खडूची दोन टेकाडं आहेत तशीच आहेत. तीन महिने त्यांच्याखालीच बसून मी वही भरतोय. मी मुद्दाम केलं नाही, देवाशपथ. हात तिकडं गेला.

९ एप्रिल, रविवार

सरांनी कॉलेजात एकदोघांना सांगितलं, पक्कं नाही असं बजावून सांगितलं. त्यातल्या कुणीतरी सांगलीच्या एका दैनिकात दिलं. अर्ध्या रकान्याची बातमी, आणि तिच्यात माझंही नाव. 'निवृत्त हवालदार नाथाजी यांच्या अचूक नोंदींमुळे.' हंबीररावानं कात्रण पाठवलं आणि खाली लिहिलं, नाव काढलंस. जन्मात पहिल्यांदा त्यानं मला असं काही लिहिलं. कात्रण अंथरुणाखाली सारून ठेवलंय. समोर दिसायला नको.

१६ एप्रिल, रविवार

सर शुक्रवारपासून इथं आहेत. चेहरा उतरलेला. बातमी आल्यापासून त्यांना झोप नाही. म्हणतात, मला आनंद झाला म्हणूनच मला शंका यायला हवी. आभाळातून आलंय असं म्हणायच्या आधी जमिनीवरचं सगळं तपासायचं. मार्चात इथं नवीन काय आलं? त्यांनी वहीत माझाच शेरा शोधून काढला. पाच मार्च, वाघर ईशान्येला. दोन नंबरची खूण ईशान्येलाच आहे, आणि सहा नंबरची तिच्या बरोबर उलट. साठ मेंढ्यांची अंगं म्हणजे साठ गरम वस्तू. पत्र्यावरून ती ऊब आत येत असेल तर अशीच दोन टेकाडं दिसतील.

मग ते हरिबाकडं गेले. मी मागून. सरांनी हात जोडून सांगितलं, की महिनाभर वाघर आणि खोपट ओढ्यापलीकडं न्या, दीड-दोन मैल तरी. हरिबा म्हणाला, पलीकडं पाणी न्हाई, हिरीचं शेंदावं लागंल. सर म्हणाले, मला कळतंय, पण ह्याच्याशिवाय खरं-खोटं समजणार नाही.

हरिबानं माझ्याकडं बघितलं. "हवालदार, लागंलच का रं?"

मी म्हटलं, लागंल, मामा.

दुपारी खोपट सोडलं. खांब मीच उपटले. हरणाबाईनं चुलीचे दगड बाजूला केले, निखारे पाण्यानं विझवले आणि माझ्याकडं न बघता बोचकं डोक्यावर घेतलं. जाताना सुनेला म्हणाली, "चल. त्येंच्या वहीत बसत न्हाई आपण."

२३ एप्रिल, रविवार

आठवडाभर एकही फेरा चुकवला नाही. वाऱ्यात घेतला, उन्हात घेतला. अंगठ्याचं कातडं कड्याला चिकटून सोललं. दोन टेकाडं नाहीत. आकडे पहिल्यासारखेच, कसलीच ओळख नसलेले.

९ मे, मंगळवार

खाली तलावाच्या कडेला आता कुणी नाही. दूध दहिवडीहून आणतो. आज ओढ्यापलीकडं जाऊन आलो. विहिरीला पाणी तळाशी, घागरीनं शेंदून साठ मेंढ्यांना पाजायचं. हरणाबाईचे दोन्ही तळहात फुटलेत. उन्हानं सात कोकरं गेली. हरिबानं मला बसायला घोंगडं टाकलं. कोकरांचं सांगितलं ते बोट दाखवून, कुठं पुरली ते. तक्रार केली नाही. मी बाटलीतलं खोबरेल हरणाबाईला दिलं, हाताला लावायला. तिनं घेतलं आणि म्हणाली, तू मातुर वाळलायस.

येताना ओढ्यात बसून रडलो. बेचाळीस वर्षांचा माणूस मी.

१४ मे, रविवार

सर म्हणाले, संपलं. वाघर हलली आणि टेकाडं गेली. म्हणजे मेंढ्याच होत्या. नियमानं पाहिलं तर त्यांना परत आणून टेकाडं परत येतात का ते बघायला हवं. पण ह्या उन्हात त्या माणसांना दोनदा कसं हलवायचं, मला धीर होत नाही. असं म्हणून त्यांनी वही माझ्याकडं सरकवली. त्यांच्या चांगुलपणावर मी पुन्हा एकदा वाचलो.

वहीत त्यांनी शेरा सांगितला, मी लिहिला. 'मार्चमधील संकेत खोटा. कारण, हरिबा यांचा मेंढवाडा.' माझ्या अक्षरात आहे. सुवाच्य.

सांगलीत काय चाललंय ते त्यांनी हसत हसत सांगितलं. कॉलेजातल्या सभेत त्यांनी उभं राहून बातमी मागं घेतली. तेव्हापासून आष्टेकरांनी मेंढरांचा शोध लावला असं म्हणतात. हसत होते, पण कपाची कड तीन वेळा पुसली.

२८ मे, रविवार

सरांनी ग्रामपंचायतीला द्यायला पत्र दिलंय. तलावाच्या ह्या बाजूला इथून पुढं कुणाची मेंढरं बसवू नयेत, प्रयोग संपेपर्यंत म्हणजे आणखी दीड वर्ष. तुमचं वजन आहे, तुम्हीच नेऊन द्या म्हणाले.

पत्र सदऱ्याच्या खिशात आहे.

३१ मे, बुधवार

अजून खिशातच आहे. काल सरपंचाच्या दारापर्यंत गेलो होतो. त्यानं खुर्ची दिली, पेपरातली बातमी वाचली होती म्हणाला, आणि ताक मागवलं. ताक प्यालो आणि पावसाचं बोलून उठलो.

दुपारी ओढ्यापलीकडं गेलो, तर तिथं कुणी नाही. विहिरीवरच्या बाईनं सांगितलं, धनगर चार दिसांमागं फलटणच्या अंगाला गेलं, पाटाचं पाणी हाय तिकडं. मला सांगून गेले नाहीत. का सांगावं?

४ जून, रविवार

पहाटेच्या गाडीनं विट्यावरून सांगलीला गेलो. सर गावभागात राहतात, वरच्या मजल्यावर. त्यांच्या बाईंनी पोहे केले. मी ताट बाजूला ठेवलं आणि म्हटलं, सर, मला आधी बोलू द्या.

"मार्चमधले अकरा दिवस खोटे आहेत. मी फेरे घेतले नाहीत. बसून लिहिले."

ते उठले, वहीची नक्कल आणली आणि विचारलं, कोणते? मी न बघता सांगितले. पाठ आहेत का म्हणाले. मी होय म्हटलं. त्यांनी लाल पेन्सिल माझ्या पुढ्यात ठेवली. अकरा पानांवर मी रेघा मारल्या. अकराव्या पानापाशी पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी ते ब्लेडनं नीट तासून परत दिलं. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

मग त्यांनी सगळं नव्यानं मांडलं. दीड तास लागला. मी भिंतीशी बसून होतो. टेकाडं गेली होती. बाकीच्या मार्चात काहीच नव्हतं. वाघर दोनशे पावलांवर असतानाही नव्हतं.

"म्हणजे मेंढ्यांचा काही संबंध नाही."

"नाही, सर."

"मी त्यांना उठवलं. तुम्ही खांब उपटत होतात."

"होय."

"तेव्हा का नाही बोललात?"

मी खरं तेच सांगितलं. आधी भीती होती, नंतर पेपरात नाव आलं.

ते खिडकीपाशी गेले. तिथूनच म्हणाले, की सभेत मी उभा राहून माफी मागितली ती मेंढ्यांच्या नावानं मागितली. मग टेबलाशी आले आणि लेखात काय लिहायचं ते बघू लागले. निरीक्षक आजारी असल्यानं अकरा दिवस वगळले, असं लिहू म्हणाले. मला सांभाळून घेत होते.

"आजारी चार दिवस होतो, सर. एक दिवस वाऱ्याचं निमित्त केलं, सहा दिवस पत्ते खेळत होतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग नोंदी बनावट होत्या, असंच लिहावं लागेल."

"तसंच लिहा."

निघताना ग्रामपंचायतीचं पत्र मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी फाडलं. विचारलं, हरिबाला सांगितलंत? मी म्हटलं, नाही, आधी तुम्हाला. तर म्हणाले, हे उलटं करायला हवं होतं.

नोकरीचं मी विचारलं नाही. जिन्यात त्यांनीच हाक मारली. म्हणाले, कडं कसं चालवायचं ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही. मंगळवारपासून फेरे सुरू करा. ह्यापुढं नाही घेतलं तर नाही घेतलं असं लिहा.

७ जून, बुधवार

काल दोन फेरे. आज वारा सुटला आणि एक पत्रा निघाला. सकाळच्या घरात लिहिलं, 'घेतले नाही.' किती वेळ त्या दोन शब्दांकडं बघत बसलो होतो.

शालूबाईला पत्र लिहिलं, सगळं. हंबीररावाला वाचून दाखव म्हटलं.

१४ जून, बुधवार

एक दिवस सुट्टी मागून घेतली आणि फलटणला गेलो. पाटाच्या कडेकडेनं विचारत चाललो. दुपारी एका उसाच्या बांधावर मेंढ्या दिसल्या, उसाचं वाडं खात होत्या. हरिबा बाभळीखाली. हरणाबाई आणि सून पाल ठोकत होत्या. मी चप्पल काढून उभा राहिलो. हरिबा म्हणाला, बस की. मी बसलो नाही.

उभ्यानंच सांगितलं. तुमच्या मेंढ्यांचा काही दोष नव्हता. मी आकडे मनानं लिहिले, त्यांच्यामुळं सर फसले, सरांमुळं तुम्ही उठलात. त्या दिवशी मला माहीत होतं. तरी मी लागंल म्हटलं.

हरणाबाई खुंटी ठोकायची थांबली.

"मला ठावं व्हतं, बाबा," ती म्हणाली. "चार दिस तू माज्या खोपटात पडलावतास. आन वही भरलीस. मी बघितली की."

"मग बोलला का न्हाई, मावशी? सरांना सांगायचं."

"आमाला वाटलं, सायबांची वही आशीच भरत्यात."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं. पुढं म्हणाली, लोकांच्या जमिनीच्या, रेशनच्या, दुष्काळातल्या हजेरीच्या वह्या ती जन्मभर बघत आली. त्यांतलीच ही आमची वही.

मग हरिबा बोलला. सात कोकरांचं त्यानं काढलंच नाही. त्याच्या मनात वेगळंच होतं. दहिवडीच्या बाजारात कुणीतरी त्याला हसून म्हणालं होतं, की तुज्या मेंढरांनी आभाळ खराब केलं म्हणं.

"तुमच्या वहीत माजं नाव घातलंय म्हनत्यात. खरं हाय?"

"हाय."

"लिवलं कुणी?"

"मी."

"मग तूच काड. आन काडल्यावं वाचून दाव. मला वाचाय येत न्हाई, पर ऐकाय येतं."

मी म्हटलं, दावतो. परत कधी येणार म्हणून विचारलं. त्यानं पाटाच्या पाण्याकडं बघितलं आणि म्हणाला, तळ्यात पाणी झालं की बघू. तुजं आईकून न्हाई येणार, पाण्यासाठी येणार.

हरणाबाईनं मला भाकरी बांधून दिली. घ्यायला हात पुढं होईना. तिनं ती माझ्या पिशवीत घातली.

२ जुलै, रविवार

तलावात कमरेएवढं पाणी आहे. परवा मेंढ्या आल्या. काल खोपट जुन्याच जागी उभं राहिलं. खांब रोवायला मी गेलो, हरिबानं नको म्हटलं नाही.

आज सर आले. सोबत पहिल्या सहा महिन्यांच्या मोजणीचा टंकलेला लेख होता. आभाळात ध्रुवण सापडलं नाही. किती बारीक बघून सापडलं नाही तो आकडा दिलाय, आणि अकरा दिवसांचं वाक्य आहे, बनावट ह्या शब्दासकट. सर मला म्हणाले, चला. आम्ही दोघं वही घेऊन खाली गेलो. सर हरिबापुढं उभे राहिले आणि म्हणाले, तुम्हाला उठवायच्या आधी मी माझ्या माणसाला नीट विचारायला हवं होतं, ती चूक माझी. हरिबानं मान हलवली. मग म्हणाला, वाच.

मी वही उघडली. चौदा मेचा शेरा एका रेघेनं खोडला होता. सरांनी सांगितलंय, खोडलेलं वाचता आलं पाहिजे. त्याच्याखाली काल लिहिलेलं वाचलं. 'हरिबा यांच्या मेंढवाड्याचा मोजणीवर कसलाही परिणाम झाला नाही. मार्चमधील अकरा दिवसांच्या नोंदी मी, नाथाजी, न घेता लिहिल्या होत्या. हरिबा व हरणाबाई यांना विनाकारण हलवण्यात आलं. त्यात त्यांची सात कोकरं दगावली.'

सर खाली बघत होते.

हरिबानं हात वर करून थांबवलं. खोपटाकडं वळून त्यानं हरणाबाईला आणि सुनेला हाक मारली. त्या पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. पलीकडच्या वस्तीवरचा केरबा पाण्याला आला होता, त्यालाही त्यानं बोलावलं.

"पुन्यांदा वाच," म्हणाला. "पैल्यापासनं."

मी पुन्हा वाचलं.